जांभ्याच्या भिंतीवरचे अप्पा

करवंदं बाजारात आली, की मला भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज ऐकू येतो.

शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी डोंगराकडच्या बायका पाट्या घेऊन बसतात. पळसाच्या पानांचे द्रोण, त्यात काळीभोर करवंदं. "घे की गं बाई, सकाळी काढल्यात," एखादी ओरडते. मी घासाघीस न करता घेते, कारण मला ती जमत नाही. पहिलं करवंद तोंडात फुटतं, चीक ओठाला चिकटतो आणि त्या आंबटगोड चवीच्या मागोमाग दगडाच्या धुळीची चव येते. करवंदात धूळ नसते. ती माझ्या आठवणीतली असते. त्या उन्हाळ्यात मी दोन्ही एकदम खाल्ली होती.

गगनबावड्याच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून थोडं वर चढलं, की डोंगराच्या एका टप्प्यावर आमचं घर आहे. दोन खोल्या, पुढं पडवी, वर कौलं. भिंती जांभ्या दगडाच्या, आतून गिलावा न केलेल्या. जांभा हा मोठा विचित्र दगड. खाणीतून निघताना मऊ, मग ऊनवारा खाऊन कडक होत जाणारा. आणि अंगभर भोकं. खिळा ठोकला तर सहज आत जातो आणि तितक्याच सहज बाहेर येतो. त्याच्याबरोबर मूठभर लाल भुगा येतो. म्हणून आधी भोक पाडायचं, त्यात लाकडाचा तुकडा ठोकून बसवायचा आणि मग त्या लाकडात खिळा मारायचा. हे मला आता नीट येतं. वर्षातून दोनदा करावं लागतं. वैशाखात तसबिरी उतरवायच्या, गोधड्यांत गुंडाळायच्या, खाली कोल्हापूरला आणायच्या. दिवाळीनंतर पुन्हा वर न्यायच्या. पावसाळ्यात त्या घरात भिंतीसुद्धा ओल्या असतात, तिथं कागद कसा टिकेल? पण हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही कोल्हापूरचे. पाऊस म्हणजे पंचगंगेला पूर, एवढंच आम्हाला कळत होतं.

अप्पांची गुळाची अडत होती. मूळचे आम्ही कुरुंदवाडकडचे, पण अप्पा तरुणपणीच शाहूपुरीत आले आणि गुळाच्या वासात मुरले. त्यांचा आवाज मोठा. सौद्याच्या वेळी तो पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा, आणि घरी आल्यावरही खाली यायला बराच वेळ घ्यायचा. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. तिथं मी शांत बसायला शिकले, किंवा मुळातच शांत होते आणि तिथं ते शोभून गेलं. काका म्हणायचे, "दादा, एवढी फी भरून पोरगी मुकी करून आणलीस." अप्पा हसायचे. माझी बाजू घ्यायचे नाहीत, पण रात्री जेवताना पहिला गरम फुलका माझ्या ताटात टाकायला अव्वाला खुणावायचे. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्यात आईला अव्वा म्हणतात.

त्या वर्षी हिवाळ्यात अप्पांना दम लागायला लागला. नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, कारण मी इंग्रजी शाळेतली. अप्पा शेजारच्या खुर्चीवर बसून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. बाहेर रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

मी शाळेत भाषांतराला नेहमी चांगले गुण मिळवले होते. पण तेव्हा मला एकही शब्द सुचेना. शेवटी मी म्हणाले, "हृदय थकलंय म्हणाले. फार थकलंय. औषधानं थोडं चालेल."

"थोडं म्हंजे?"

"पाऊस संपेपर्यंत म्हणाले. कदाचित दिवाळी."

अप्पा रिक्षाच्या बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे कौलं लौकर घालून घ्यायला पायजेत."

डोंगरावरचं घर तेव्हा अर्धं झालं होतं.

घरी आल्यावर त्यांनी अव्वालाही सगळं सांगितलं, काही न लपवता. अव्वानं ऐकून घेतलं आणि देवघरात दिवा लावला. त्या दिवसापासून तिनं त्या विषयावर बोलायचं नाही असं ठरवलं असावं. आमच्या घरात तेव्हा तीन माणसं होती आणि तिघांना एकच गोष्ट माहीत होती. फक्त तिघांच्या ती धरायच्या पद्धती वेगळ्या होत्या. अप्पा ती हातात घेऊन वळवून बघत होते, गुळाची ढेप बघावी तशी. अव्वानं ती पदराखाली झाकली होती. मी मात्र नेहमीप्रमाणे थोड्या अंतरावर उभी होते.

माझ्या मनात डोंगरावरच्या घराचं एक चित्र होतं. शाळेच्या वाचनालयात परदेशी मासिकं यायची. त्यांत लाकडी भिंतींची घरं असायची. मोठ्या भिंतीवर एकच लहानसं चित्र, पिवळा उजेड, बाजूला पुस्तकं. आमचं घर तसं होईल अशी मला आशा होती, आणि अप्पा काय लावतील याची भीती. आमच्या पेठेतली सगळी दुकानं मी पाहिली होती. नव्या वर्षाला व्यापारी एकमेकांना कॅलेंडरं वाटतात, वर्ष संपलं की तारखा कापून वरचा देव फ्रेम करतात. त्याची मला लाज वाटायची. ते मी कधी बोलून दाखवलं नाही. मी काहीच बोलून दाखवत नसे.

चैत्रात कौलं चढली आणि अप्पा मला घेऊन फ्रेमवाल्या नानांकडे गेले. नाना अप्पांच्या बरोबरीचे. दुकान एका बोळात, आत काचेच्या आणि भुशाच्या वासात नाना, आणि छतापर्यंत चित्रं.

"डोंगरावर घर बांधलंय म्हणं," नाना म्हणाले आणि त्यांनी एक मोठं चित्र काढून पुढं धरलं. निळं तळं, बर्फाचे डोंगर, काठावर लाकडी घर. "ह्ये घ्या. डोंगराला डोंगर."

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नाना, खिडकी उघडली की म्होरं दरी हाय. आत परत दरी लावली तर दोन दऱ्यांच्या मधी झोपू काय?"

"मग घोडे घ्या. सात घोडे. धंद्याला चांगलं असतंय."

"धंदा हितं आणि घोडे तिकडं. त्येनी काय रोज एष्टीनं यायचं?"

"बरं, बाळ घ्या. ह्ये बघा, कसं गोड हाय."

"आमचं बाळ ह्ये काय मागं उभं हाय की. बोलत न्हाय, पण गोड हाय."

नाना माझ्याकडे बघून हसले. मी चित्रांच्या गठ्ठ्यात डोकं घातलं. त्या गठ्ठ्यातच मला एक कागद सापडला: कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचं पान, भाताच्या खाचरात उभे दोन बगळे, बाकी सगळं धुकं. मी तो हळूच वर ठेवला. अप्पांनी बघितला. "ह्यो पायजे? घे. तुला काय पायजे ते पहिल्यांदा कळलं बघ." मला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून मी काचेवरची धूळ बोटानं पुसली.

मग अप्पांनी स्वतःची पिशवी उघडली. "तिथं माणसं न्हाईत, नाना. रात्री नुसता वारा असतोय. म्हणून भितीवर माणसं पायजेत." त्यांनी एक महादेव-पार्वती काढली, अर्थात कॅलेंडरमधलीच. मग गूळ बाजारातल्या अडत्यांचा एक जुना गटफोटो; सगळे फेटे आणि टोप्या, त्यातले निम्मे आता नसलेले. आणि शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्वतःचा फोटो.

तो मी काढला होता. काही दिवसांपूर्वी अप्पांनी माझ्या हातात रोलचा कॅमेरा दिला आणि म्हणाले, "पेठेत चल. तूच काढ. स्टुडिओवाला हनुवटी वर करायला लावतो, मग माणूस बोकडासारखा दिसतो." मी दुकानाच्या कोपऱ्यात पोत्यांच्या आडोशाला उभी राहिले. मला लपून बघायची सवय होती, ती कामाला आली. अप्पा गादीवर मांडी घालून बसले होते, अंगात बिनइस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांनी ढेपेचा कोपरा फोडला, तुकडा तळहातावर घेतला, दाराकडून येणाऱ्या उजेडात धरला. गुळाकडे बघताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा दुसऱ्या कशाकडेही बघताना व्हायचा नाही: शांत, थोडा संशयी आणि आतून खूश. त्या क्षणी मी बटण दाबलं. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते.

नानांनी फोटो हातात घेतला, लांब धरला. "वा! बेस्ट आलाय. काळी पट्टी लावू, उठून दिसंल. निगेटिव्ह मागं पाकिटात घालून चिकटवतो, हरवायची न्हाय." त्यांनी माप घेतलं, पेन्सिलीनं खूण केली आणि न बघता विचारलं, "हाराला वर दोन हुकं देऊ?"

नानांची पेन्सिल फोटोवरच राहिली. आमच्याकडे एकट्या माणसाचा मोठा फोटो भिंतीसाठी येतो, तो माणूस गेल्यावरच. नानांनी आयुष्यभर तोच प्रश्न विचारला होता, आणि हातानं काम चालू असताना तोंडानं तो आपसूक विचारला.

"दे की," अप्पा म्हणाले. "मागनं कोण आणून बसवणार?"

"अप्पा, चुकून गेलं हो तोंडातनं. रोजची सवय..."

"म्हणून तर तुझ्याकडं आलो. सवयीचा माणूस बरा."

नानांनी चहा मागवला.

परत येताना अप्पांनी मला त्यांच्या वडिलांच्या फोटोची गोष्ट सांगितली. तो फोटो मी कुरुंदवाडच्या घरी पाहिला होता: काळा कोट, टाय, गुलाबी गाल. मला वाटायचं, आजोबा कुठल्यातरी कचेरीत मोठे साहेब असावेत. अप्पा हसले. आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता. ते गेले तेव्हा त्यांचा एकही वेगळा फोटो नव्हता. मग कुणाच्यातरी लग्नाच्या गटफोटोतून स्टुडिओवाल्यानं त्यांचं तोंड तेवढं उचललं, मोठं केलं आणि त्याच्याकडं तयार असलेल्या कोटावर बसवलं. तेव्हा सगळेच असं करायचे. मेलेल्या माणसाला चांगला कोट मिळायचा.

"मी दहा वर्साचा होतो. माझी अव्वा म्हणायची, पाया पड. मी पडायचो. पण मला कळायचंच न्हाय, ह्यो मामलेदार कोण? हळूहळू माझ्या डोक्यातला बाप गेला आणि ह्यो कोटवाला बसला. आता आठवायला गेलं तरी ह्योच येतोय." थोडा वेळ ते दम घेत उभे राहिले. "माझं तसं करू नका, गिरिजा. मला असा परक्याच्या कोटात टांगू नका. एवढंच बघ."

मी मान डोलावली. त्यांनी माझ्याकडून पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

फ्रेम केलेल्या फोटोचं पार्सल अव्वाला दाखवायचं नव्हतं, पण तिच्यापासून घरात काय लपतं? गाडीत सामान भरताना तिनं तपकिरी कागदावरून हात फिरवला. वरच्या कडेला बोटं अडली. "ह्येला हुकं कशाला?"

तिनं कागद फाडला. फोटो बघितला आणि तिचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे बघितलं.

"जित्या माणसाचा फोटो? भितीला? हाराच्या हुकांसकट?" ती रस्त्यात उभी राहून ओरडली. "घर खायाला उठंल तुमास्नी!"

"अगं, नंतर धावाधाव नको म्हणून..."

"नंतर म्हंजे कवा? सांगा की. कवा?"

अप्पा पुढच्या सीटवर जाऊन बसले. गाडीत अव्वा मागं बसली, पार्सल मांडीवर घेऊन. वाटेतली कळं, साळवण ही गावं गेली, डोंगर जवळ आले, वळणं सुरू झाली; प्रत्येक वळणाला ती दोन्ही हातांनी ते घट्ट धरत होती. फोटोवर एवढी चिडलेली बाई त्याच्या काचेला तडा जाऊ देत नव्हती. हे मला दिसलं. अप्पांनाही आरशात दिसलं असावं.

वर ऊन होतं, पण वारा गार. घराभोवती करवंदीच्या जाळ्या लगडल्या होत्या. आमच्या खालच्या अंगाला राहणारे ज्ञानू पाटील लगेच आले. कोण नवीन आलं की यायचं, ही त्यांची रीत. त्यांनी टोपीभर करवंदं आणली, दारात उकिडवे बसले आणि कुणी न विचारता मुकादमी सुरू केली.

अप्पांना हात वर उचलवत नव्हता. ते खाटेवर बसून जागा सांगायचे. स्टुलावर मी, हातात हातोडी. स्टूल धरून अव्वा. मी आयुष्यात कशावर घाव घातला नव्हता. पहिल्या ठोक्याला खिळा वाकला, दुसऱ्याला भिंतीतून लाल भुगा माझ्या तोंडावर आला. "पावणं, पोरीला जरा खायाला घाला," ज्ञानूमामा म्हणाले, "भित हसाय लागली." मी एका हातानं करवंद तोंडात टाकलं आणि तिसऱ्यांदा जोरात मारलं. तोंडात धूळ, आंबट रस आणि कानात तो आवाज. दगडाचा आवाज खोल असतो, लाकूड आत बसलं की तो बदलतो, भरीव होतो. मला तो बदल ऐकायला आवडायला लागला. मला वाटतं, त्या दुपारी मी पहिल्यांदा मोठ्यानं काहीतरी केलं.

"जरा डावीकडं," ज्ञानूमामा.

"उजवीकडं," अप्पा.

"तुमी दोघं मिळून ठरवा आणि मग सांगा," अव्वा.

महादेव-पार्वती लागली. अडत्यांचा गट लागला. खिडकीशेजारी माझे बगळे लागले आणि अप्पा म्हणाले, "ह्येच सगळ्यात चांगलं हाय, बोलत न्हाईत." मग दारासमोरची मोठी भिंत उरली. अप्पांनी तिच्याकडे बोट केलं.

अव्वानं स्टूल सोडलं. पार्सल उचललं, आतल्या खोलीत गेली. ट्रंक उघडल्याचा आणि गोधड्या उपसल्याचा आवाज आला, मग ट्रंक बंद झाल्याचा. ती परत आली आणि म्हणाली, "माज्या जित्यापणी न्हाय. आणि तुमच्या जित्यापणी तर न्हायच."

ज्ञानूमामा उठून बाहेर गेले, बिडी ओढायला.

अप्पांनी भिंतीकडचं बोट खाली घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खिळा तरी मारून ठेव." मी मारला. अव्वानं रिकाम्या खिळ्याकडे बघितलं, मग आपली भाजीची पिशवी त्यावर अडकवली. "खिळा रिकामा ठिवू न्हाय," ती म्हणाली. अप्पा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थांबेपर्यंत अव्वा त्यांची पाठ चोळत राहिली.

मी नंतर पुष्कळ घरं पाहिली आहेत. नोकरीमुळे पुण्यातल्या, मुंबईतल्या माणसांच्या बैठकीत बसायची वेळ येते. भिंतींवर नीट निवडलेली चित्रं असतात, मासिकांतल्यासारखी, आणि मला ती आवडतात. पण बसल्या बसल्या मी मनात विचारते, हे लावताना इथं कोण भांडलं असेल? कुणीच नसेल, तर हे चित्र इथं कशाला आहे? प्रश्न बरा नाही, म्हणून मी तो विचारत नाही. चहा छान झालाय म्हणते.

अप्पा त्या पावसातच गेले, श्रावण संपता संपता, कोल्हापूरच्या घरी. आमच्यात माणूस गेला की त्याला झोपवत नाहीत. मांडी घालून बसवतात, भिंतीला टेकवून, कापडाचा आधार देऊन, कपाळाला विभूती लावून. येणारा प्रत्येक जण समोर बसतो. पुरतानाही बसलेलाच. त्या दिवशी अप्पा दिवसभर आमच्यात बसून होते, आणि पाऊस असा पडत होता की कुणाचं रडणं कुणाला ऐकू जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, फोटो कुठाय? फोटो डोंगरावर, ट्रंकेत. घाटाकडे दरड आली होती, वरचा रस्ता बंद. निगेटिव्ह फोटोच्या पाठीला. मी सांगितलं, थांबूया. पण माणसं येत होती, फुलं येत होती आणि फुलांना जागा हवी होती. काका चांगले आहेत. ते भिजत स्टुडिओत गेले, जुन्या कुठल्यातरी ओळखपत्रावरचा अप्पांचा चेहरा दिला आणि संध्याकाळी मोठी फ्रेम घेऊन आले.

काळा कोट. निळा टाय. गालांना गुलाबी रंग.

"दादा कसा सायबासारखा दिसतोय बघा," कुणीतरी म्हणालं. मी अव्वाकडे बघितलं. अप्पांनी ती गोष्ट तिलाही कधीतरी सांगितलेली असणारच. ती फोटोकडे बघत होती, अनोळखी माणूस दारात उभा राहिला तर बघावं तशी. तिनं हार घातला, उदबत्ती लावली, आल्यागेल्याचं सगळं केलं. पण त्या फोटोसमोर ती एकदाही रडली नाही. पुढचे महिने ती बोलायचीही थोडं. माझ्यासारखीच झाली होती. एकदा दुपारी तांदूळ निवडताना तिनं मला विचारलं, "गिरिजा, त्येंच्या कानाच्या पाळीवर तीळ हुता न्हवं? डाव्या का उजव्या?" मी म्हणाले, डाव्या. ती म्हणाली, "मला आठवंना झालंय," आणि तांदळात हात तसाच ठेवून बसून राहिली. कोटवाल्यानं काम सुरू केलं होतं.

दिवाळी झाली, रस्ता कोरडा झाला, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "वर जाऊन येऊ."

कुलूप गंजलं होतं. दार उघडल्यावर आधी वास आला, बंद ओलीचा. महादेव-पार्वतीवर करड्या बुरशीचे गोल उठले होते. अडत्यांच्या गटातले चेहरे काचेला चिकटून पुसट झाले होते. माझे बगळे तर नाहीसेच झाले होते; राहिलं होतं ते सगळं धुकं. अव्वानं कशाकडेच बघितलं नाही. सरळ आत गेली. ट्रंकेतल्या गोधड्या एकेक करून बाहेर काढताना मी तिच्या मागं उभी होते, आणि आम्ही दोघी श्वास धरून होतो.

फोटो कोरडा होता. गोधड्यांनी सगळी ओल स्वतः पिऊन घेतली होती. तिनं पदरानं काच पुसली. आधी डावा कान पुसला.

आवाज ऐकून ज्ञानूमामा आले होते. या वेळी मुकादमी न करता दारातच उभे राहिले. दारासमोरच्या भिंतीवरची पिशवी मी काढली आणि स्टूल सरकवलं.

"स्टूल नको," अव्वा म्हणाली.

ती त्या भिंतीसमोर जमिनीवर बसली, मांडी घालून, आणि हात पुढं करून भिंतीवर एक जागा दाखवली. "हितं."

"वैनी, एवढ्या खाली?" ज्ञानूमामांना राहवेना. "फोटो वर लावत्यात, देवाच्या ओळीत. हितं पोरंटोरं हात लावतील."

"लावू देत. तीस वर्सं समोर बसून जेवलोय आमी. आता काय मान वर करून बोलू?"

मी गुडघ्यावर बसले. भोक पाडलं, लाकूड बसवलं, खिळा मारला. अव्वा बसल्या जागेवरून बघत होती. "अजून खाली. एवढे उंच न्हवते." मी पुन्हा भोक पाडलं. "हां. आता." फोटो लावला आणि बाजूला झाले. अप्पा मांडी घालून बसले होते, तळहातावर गुळाचा तुकडा, आणि त्यांचे डोळे बरोबर अव्वाच्या डोळ्यांच्या पातळीला होते. वरची दोन हुकं रिकामी होती. ज्ञानूमामा म्हणाले, झेंडूची चार फुलं आणतो. अव्वानं मान हलवली, नको.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या घशातून आवाज आला, रडण्याचा असेल असं मला वाटलं. पण तो बोलण्याचा होता. खरखरीत, चिडका, श्रावणापासून न ऐकलेला.

"पुसा की हात त्यो आदी," ती म्हणाली. "कितीदा सांगितलं, बसल्या जागी गूळ खाऊ नगासा म्हणून. मुंग्या हुत्यात. आयकत कवा न्हाईत..."

ती बोलतच राहिली. मी हातोडी उचलली, ज्ञानूमामांना खूण केली, आणि आम्ही दोघं पडवीत येऊन दार ओढून घेतलं. नवराबायकोचं बोलणं चाललं होतं. तिथं थांबणं बरं दिसलं नसतं.